शेअर्ड फोल्डरमधली फाइल कुणी उघडली, कुणी उडवली? विंडोजवर नोंद ठेवण्याची पद्धत

सप्टेंबर संपत आला की करसल्लागारांच्या ऑफिसांतून मला हमखास फोन येतात. टॅक्स ऑडिटची ३० तारीख तोंडावर असते, मुदतवाढीच्या अफवा रोज उठतात आणि रोज विरतात, सगळे रात्री दहापर्यंत बसलेले असतात, आणि नेमका तेव्हाच एखाद्या क्लायंटचा फोल्डर गायब होतो. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “कुणी डिलीट केलं तेवढं शोधून द्या.” फोल्डर परत आणून द्या, हे दुसरं वाक्य.

हा लेख अशाच ऑफिसांसाठी आहे. पाच-सात कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर सगळ्यांच्या फायली, बाकीचे नेटवर्कवरून तिथे येतात, आणि आयटीचा वेगळा माणूस कुणी नाही. त्या एका कॉम्प्युटरला सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात, असतो तो विंडोज १० किंवा ११ चा साधा डबाच. आपणही त्याला सर्व्हरच म्हणू.

वाईट बातमी आधी सांगतो. कुणी कुठली फाइल उघडली, कुणी पुसली, याची नोंद विंडोज आपणहून ठेवत नाही. ती सोय आत आहे, पण बंद असते. ती आज चालू केली तर उद्याचं कळेल, कालचं नाही. फोल्डर गेल्यावर मला बोलावलं तर मी फारतर बॅकअप शोधू शकतो.

काहीही न लावता काय दिसतं

दोन गोष्टी लगेच पाहता येतात. पहिली म्हणजे आत्ता या क्षणी कोण काय उघडून बसलंय. सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडा, डावीकडे ‘शेअर्ड फोल्डर्स’वर जा. ‘सेशन्स’मध्ये कोण जोडलेलं आहे ते दिसतं, ‘ओपन फाइल्स’मध्ये कुणी कुठली फाइल धरून ठेवलीय ते. “एक्सेल फाइल लॉक दाखवतेय, कुणाकडे उघडी आहे?” या रोजच्या आरोळीला हे उत्तर पुरतं. एक्सेल स्वतःही नाव सांगतं, पण ते ऑफिस इन्स्टॉल करताना टाकलेलं नाव असतं. निम्म्या ठिकाणी ते ‘यूजर’ किंवा ‘एचपी’ असतं, मग बसा शोधत.

दुसरी गोष्ट म्हणजे फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या तारखा. ‘मॉडिफाइड’ तारीख बऱ्यापैकी कामाची. ‘ॲक्सेस्ड’ तारखेवर मात्र विसंबू नका. विंडोज व्हिस्टापासून ती तारीख प्रत्येक वेळी बदलणं मुळातच बंद ठेवलेलं होतं, कारण फाइल नुसती वाचली तरी डिस्कवर लिहावं लागे आणि मशीन मंदावे. अलीकडच्या विंडोजमध्ये ती काही मशीनवर बदलते, काहींवर नाही. बदलली तरी ती तासभर मागे असू शकते, ॲन्टीव्हायरसने फाइल चाळली तरी पुढे सरकू शकते, आणि मुख्य म्हणजे तिच्याशेजारी कुणाचं नाव नसतं. “काल रात्री अकराला फाइल उघडलीय, तेव्हा तूच होतास” असं या तारखेच्या जोरावर म्हणणाऱ्या एका साहेबांना मी थांबवलंय. रात्री अकराला ॲन्टीव्हायरसचं स्कॅन लावलेलं होतं.

पायरी १: ज्याचं त्याचं खातं

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

एका ऑफिसात सहा माणसं होती आणि लॉगिन एकच, ‘ऑफिस’. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर. एका हॉटेलवाल्या क्लायंटचा तीन वर्षांचा फोल्डर दिसेना. नवीन लागलेल्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या, पोरावर आळ आला, कारण तो नवीन होता, एवढंच. मी गेलो, सर्व्हरवर सर्च मारला, तर फोल्डर शेजारच्या क्लायंटच्या फोल्डरमध्ये जाऊन बसलेला. माउसने खाली स्क्रोल करताना कुणाकडून तरी तो ओढला गेला होता. कुणाकडून, ते आजही कुणाला माहीत नाही, कारण सगळे एकाच नावाने आत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. पोरगा दिवाळीनंतर परत आला नाही.

नोंदवहीत नाव खात्याचं पडतं, माणसाचं नाही. सहा माणसं एकाच खात्याने येत असतील, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या करूनही हाती ‘ऑफिस’ एवढंच लागेल.

तर सर्व्हरवर ‘सेटिंग्ज’, ‘अकाउंट्स’, ‘अदर यूजर्स’मध्ये जाऊन प्रत्येकाचं वेगळं खातं काढा. विंडोज ईमेल मागत राहील. या माणसाची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही, आणि मग मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर जोडा, अशा अर्थाचे पर्याय निवडत जा. खात्याचा प्रकार ‘स्टँडर्ड’ ठेवा, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नको. नाव माणसाचं द्या. ‘पीसी ३’ नको, कारण पीसी ३ वर दुपारी वेगळं कुणी बसतं.

ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवरही त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं असलं की सर्व्हर वेगळा पासवर्ड विचारत नाही. इथे तीन ठिकाणी गाडी अडते. पिन नेटवर्कवर चालत नाही, खात्याला खरा पासवर्ड लागतो. पासवर्ड कोरा ठेवला तर विंडोज त्या खात्याला नेटवर्कवरून आत घेतच नाही. आणि तिसरं, ज्यात नवशिके अर्धा दिवस घालवतात: जुनं ‘ऑफिस’ लॉगिन प्रत्येक कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेलं असतं. खाती नवी काढली तरी सगळे जुन्याच नावाने आत येत राहतात. प्रत्येक मशीनवर ‘कंट्रोल पॅनेल’मधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’ उघडा आणि सर्व्हरच्या नावापुढची जुनी नोंद काढून टाका. सर्व्हरवर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू आहे ना तेही बघा, नाहीतर लोक पाहुणा म्हणून आत येतील. सगळे नीट चालायला लागले की ‘ऑफिस’ हे खातं बंद करा.

पायरी २: नोंद घ्यायला सांगणं

यासाठी विंडोजची प्रो आवृत्ती असलेली बरी. होममध्ये पुढचा पडदा नसतो. तिथे ‘ऑडिटपोल’ नावाच्या कमांडने तेच काम होतं, पण पहिल्यांदाच करत असाल तर शेजारी जाणकार बसवा.

स्टार्टमध्ये ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’ शोधून उघडा. आत दोन जागा सारख्या दिसतात. वरच्या बाजूला ‘लोकल पॉलिसीज’खाली ‘ऑडिट पॉलिसी’ आणि त्यात ‘ऑडिट ऑब्जेक्ट ॲक्सेस’. इंटरनेटवरचे जुने लेख तिथेच टिक करायला सांगतात. करू नका. त्या एका टिकने नेटवर्कच्या प्रत्येक जोडणीचीही नोंद सुरू होते आणि तुमच्या फायलींच्या नोंदी त्या पुरात वाहून जातात.

अगदी तळाशी ‘ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसी कॉन्फिगरेशन’ आहे, तिथे ‘ऑब्जेक्ट ॲक्सेस’मध्ये जा. ‘ऑडिट फाइल सिस्टिम’ उघडून ‘सक्सेस’ला टिक करा. परवानगी नसताना कुणी प्रयत्न करतंय का हे बघायचं असेल तर ‘फेल्युअर’लाही. तिथेच ‘ऑडिट फाइल शेअर’लाही ‘सक्सेस’ द्या, कारण कुठल्या नेटवर्क-पत्त्याच्या (आयपी) कॉम्प्युटरवरून माणूस आला ते त्यातून कळतं. ‘डिटेल्ड फाइल शेअर’ला हात लावू नका, ते फारच बडबडं आहे. पेन ड्राइव्हची काळजी असेल तर ‘ऑडिट रिमूव्हेबल स्टोरेज’ चालू करा, पण ते त्या माणसाच्या कॉम्प्युटरवर करावं लागतं. पेन ड्राइव्ह लागतो तिथे, सर्व्हरला नाही.

पायरी ३: कुठल्या फोल्डरची नोंद हवी ते सांगणं

दुसरी पायरी म्हणजे मेन स्विच. तो चालू करून लोक थांबतात आणि मग नोंदी येत नाहीत म्हणून फोन करतात. प्रत्येक फोल्डरचं बटण वेगळं असतं.

फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘ऑडिटिंग’ टॅब. तिथे ‘कंटिन्यू’ दाबून ‘ॲड’ करा. ‘सिलेक्ट अ प्रिन्सिपल’मध्ये ‘एव्हरीवन’ लिहा. ‘टाइप’मध्ये ‘ऑल’ किंवा ‘सक्सेस’. ‘अप्लाइज टू’मध्ये हा फोल्डर, आतले फोल्डर आणि फायली असा पर्याय असू द्या. मग ‘शो ॲडव्हान्स्ड परमिशन्स’ दाबा आणि आधी ‘क्लिअर ऑल’ करा.

आता टिक मोजून करा. ‘डिलीट’ आणि ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’, फायली आणि फोल्डर तयार करण्याचे दोन पर्याय, ‘चेंज परमिशन्स’ आणि ‘टेक ओनरशिप’. बस्स. वाचण्याचा, म्हणजे ‘लिस्ट फोल्डर / रीड डेटा’ हा टिक सगळ्या फोल्डरवर लावायचा मोह होतो, कारण “कुणी उघडली” हाच तर प्रश्न असतो. पण कुणी फोल्डरमध्ये नुसतं डोकावलं तरी नोंद पडते. उजवीकडे प्रीव्ह्यू चालू असेल तर माउसने निवडलेली प्रत्येक फाइल ‘वाचली’ जाते. मी हा टिक पगारपत्रकांच्या फोल्डरवर आणि क्लायंटचे पासवर्ड ठेवलेल्या फोल्डरवर लावतो, बाकी कुठे नाही.

टॅलीच्या डेटा फोल्डरवर यातलं काहीच लावू नका. टॅली त्या फायलींत सतत लिहीत असतं, तासाभरात नोंदींचा डोंगर होतो आणि त्यातून कुठलं व्हाउचर कुणी बदललं ते काही कळत नाही. त्यासाठी टॅलीतलाच एडिट लॉग, म्हणजे टॅलीची स्वतःची बदलांची नोंद, बघायचा. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल असलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं.

पायरी ४: वही मोठी करा

नोंदी ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘सिक्युरिटी’त पडतात. ही वही सहसा २० एमबीची असते आणि भरली की जुन्या पानांवरच लिहीत जाते. गजबजलेल्या ऑफिसात २० एमबी दोन-चार दिवसांतही संपू शकतात. म्हणजे सोमवारी गेलेल्या फोल्डरचा शोध शुक्रवारी घ्याल तेव्हा पान कोरं.

‘सिक्युरिटी’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. आकार केबीत लिहायचा असतो, १०४८५७६ लिहिलं की एक जीबी होतो. खाली वही भरली की बाजूला ठेवून नवी सुरू करायचा ‘आर्काइव्ह’वाला पर्याय आहे, तो निवडा. डिस्कवर जागा आहे ना ते अधूनमधून बघायचं. किती दिवस ठेवायचं? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना सिस्टिमच्या नोंदी १८० दिवस जपायला सांगितलंय. छोट्या ऑफिसनेही तोच आकडा धरावा असं मी सांगतो.

पायरी ५: खोटी चोरी करून बघा

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर्ड फोल्डरमध्ये ‘चाचणी’ नावाची फाइल करा, जतन करा, मग डिलीट करा. वेळ कागदावर लिहून ठेवा. आता सर्व्हरवर ‘सिक्युरिटी’ लॉग उघडा, ‘फिल्टर करंट लॉग’ दाबा आणि इव्हेंट आयडीच्या, म्हणजे नोंदीच्या प्रकाराच्या क्रमांकाच्या, चौकटीत ४६६३ (फाइलला हात लावल्याची नोंद), ४६६० (पुसल्याची नोंद) हे दोन आकडे लिहा. काहीच आलं नाही तर दुसरी किंवा तिसरी पायरी अर्धवट राहिलीय. नोंद आली पण नाव ‘ऑफिस’ दिसलं तर पहिल्या पायरीतलं क्रेडेन्शियल मॅनेजरचं प्रकरण. वेळ जुळत नसेल तर सर्व्हरचं घड्याळ चुकलंय. मदरबोर्डवरचा सेल गेलेल्या मशीनवर हे नेहमी होतं, आणि वेळ चुकलेली नोंदवही नसल्यापेक्षा वाईट.

नोंद वाचायची कशी

४६६३ ची एखादी नोंद उघडली की खाली बराच मजकूर येतो. त्यातलं इतकंच बघा:

अकाउंट नेम: सुनीता
लॉगॉन आयडी: एक लांबलचक आकडा
ऑब्जेक्ट नेम: डी ड्राइव्ह, क्लायंट, २०२४-२५, चाचणी
हँडल आयडी: आणखी एक आकडा
प्रोसेस नेम: रिकामं
ॲक्सेसेस: डिलीट

प्रोसेस नेम रिकामं आहे, म्हणजे काम नेटवर्कवरून झालं. तिथे एक्सप्लोरर किंवा एक्सेल असं नाव असतं, तर करणारा सर्व्हरच्याच कीबोर्डवर बसलेला किंवा रिमोट डेस्कटॉपने तिथे आलेला असता. लॉगॉन आयडीचा आकडा टिपून घ्या आणि ४६२४ क्रमांकाच्या नोंदींत तोच आकडा शोधा. ४६२४ म्हणजे लॉगिनची नोंद. तिच्यात कुठल्या कॉम्प्युटरवरून आणि कुठल्या पत्त्यावरून लॉगिन झालं ते असतं. लॉगॉन टाइप ३ म्हणजे नेटवर्कवरून, २ म्हणजे समोर बसून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. सुनीताताई रजेवर असताना त्यांच्या खात्यातून त्यांच्याच टेबलावरच्या मशीनवरून नोंद आली असेल, तर प्रश्न वेगळाच आहे: त्यांचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. ४६६३ मध्ये ‘डिलीट’ दिसलं म्हणजे फाइल पुसली गेली, असं नाही. विंडोजच्या लेखी फाइलचं नाव बदलणं, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवणं आणि पुसणं या तिन्हींना ‘डिलीट’चाच अधिकार लागतो. खरंच पुसली असेल तर सहसा पाठोपाठ ४६६० ही नोंद येते. त्या नोंदीत फाइलचं नाव नसतं, म्हणून हँडल आयडी ४६६३ शी जुळवून बघायचा. ४६६० नसेल तर त्याच सेकंदाच्या आसपास दुसऱ्या कुठल्या फोल्डरवर काही नवीन लिहिल्याची नोंद आहे का ते शोधा. हॉटेलवाल्या क्लायंटचा फोल्डर तेव्हा असा दोन मिनिटांत सापडला असता, आणि ओढणाऱ्याचं नावही.

वर्ड आणि एक्सेल यांची आणखी एक खोड आहे. फाइल सेव्ह करताना ते आधी तात्पुरती फाइल लिहितात, मग जुनी बाजूला सारून नवीला तिचं नाव देतात. त्यामुळे इमानेइतबारे फाइल जतन करणाऱ्याच्या नावावरही ‘डिलीट’च्या नोंदी दिसतात. नावापुढे लाटेसारखं चिन्ह असलेल्या किंवा टीएमपी शेपटाच्या फायली आजूबाजूला असतील तर ते सेव्ह करणंच समजा.

रिसायकल बिनचंही असंच. सर्व्हरवर बसून फाइल डिलीट केली तर ती रिसायकल बिनमध्ये जाते, म्हणजे खरं तर हलते, म्हणून ४६६० नाही. नेटवर्कवरून शेअरमधली फाइल डिलीट केली तर ती सर्व्हरच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. हे ज्याला माहीत नसतं तो “बिनमधून काढून देतो की” म्हणत निवांत असतो.

कॉपी केल्याची वेगळी नोंद सर्व्हरवर नसते, ती वाचल्यासारखीच दिसते. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला तर कुठेच काही नाही.

नाव सापडल्यावर

त्या वेळेच्या आधीच्या-नंतरच्या पाच मिनिटांतल्या नोंदी आधी वाचा. एकाच मिनिटात तीस फायली एकाच खात्याने पुसलेल्या असतील तर ते एक, आणि अर्ध्या तासात पाच सेव्ह आणि एक ‘डिलीट’ असेल तर ते दुसरंच. माणसाला विचारताना “हे तू केलंस” याऐवजी “सव्वासातला हॉटेलच्या फोल्डरमध्ये काय करत होतास?” असं विचारलं की उत्तर बहुधा खरं येतं, आणि बहुधा ते “अरे हो, मी तिथून एक पीडीएफ हलवत होतो” असं असतं.

नोंदी ठेवतोय हे ऑफिसात आधीच सांगून टाका, एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या तर उत्तम. प्रकरण खरंच पोलिसांपर्यंत जाणारं वाटलं तर लॉगमध्ये काही खुडबुड करू नका. ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज’ने पूर्ण फाइल जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर घ्या. स्क्रीनशॉटवर भागवू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून घेतील.

फायली गूगल ड्राइव्हवर असतील तर वरचं काहीच लागू नाही. ड्राइव्हच्या ‘ॲक्टिव्हिटी’त बदल, हलवाहलव, शेअर करणं दिसतं, नुसतं पाहणं दिसत नाही. कुणी पाहिलं ते गूगल डॉक्सच्या ‘ॲक्टिव्हिटी डॅशबोर्ड’मध्ये दिसतं, पण ऑफिसने पैसे भरून घेतलेल्या वर्कस्पेस खात्यांपुरतं, आणि पाहणाऱ्याने आपला इतिहास दाखवणं बंद केलेलं नसेल तरच. साध्या जीमेल खात्यावर ते मिळत नाही. सिनॉलॉजीसारखी नॅसची पेटी, म्हणजे नेटवर्कला जोडलेली फायली ठेवायची पेटी, असेल तर तिच्या ‘फाइल सर्व्हिसेस’मध्ये एसएमबीखाली ‘ट्रान्सफर लॉग’चा टिक आहे. तो लावा, काम झालं.

राहिला ॲडमिनचा पासवर्ड. ज्याच्याकडे तो आहे तो सगळी वही एका क्लिकमध्ये साफ करू शकतो. साफ केल्यावर कोऱ्या वहीत पहिली ओळ ११०२ क्रमांकाची उमटते, आणि तिच्यात साफ करणाऱ्या खात्याचं नाव असतं. ती ओळ दिसली तर फोल्डरचा शोध थांबवा आणि हा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, त्याची यादी करायला बसा. मी गेलो त्या बहुतेक ऑफिसांत त्या यादीत माझंही नाव होतं, दोन वर्षांपूर्वीच्या एका भेटीपासून, आणि कुणालाही पासवर्ड बदलायचं सुचलं नव्हतं.